थर हरवलेलं हाड

डिसेंबर २०२० मध्ये 'क्रिटेशियस रिसर्च' या जर्नलच्या संकेतस्थळावर एक शोधनिबंध आला. ईशान्य ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातल्या चुनखडीत मिळालेला, जेमतेम कोंबडीएवढा डायनोसॉर. वय सुमारे साडेअकरा कोटी वर्षं. पाठीवर आयाळीसारखे तंतू, खांद्यांजवळून निघालेल्या लांब, ताठ फिती. असं काही आधी कुणी पाहिलं नव्हतं. नाव ठेवलं उबिराजारा जुबाटुस. लेखक पाच, त्यांत ब्राझीलचा एकही नाही. नमुना जर्मनीत, कार्ल्सरूहच्या सरकारी निसर्ग-संग्रहालयात.

ब्राझीलच्या पुराजीवशास्त्रज्ञांनी निबंध वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो पिसांबद्दल नव्हता. हा दगड देशाबाहेर गेला कसा, असं त्यांनी विचारलं. तिथल्या १९४२ च्या कायद्यानुसार जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता आहे आणि परवानगीशिवाय ते खणता येत नाहीत. १९९० च्या नियमांनी त्यात भर घातली: परदेशी संशोधकाने ब्राझीलमधल्या संस्थेबरोबरच काम करायचं, आणि ज्या नमुन्यावरून नवी प्रजाती ठरते तो होलोटाइप देशातच राहायला हवा. म्हणजे कायदा नवा नव्हता, दडलेला नव्हता आणि या खोऱ्यात काम करणाऱ्या कुणालाही अनोळखी नव्हता.

शोधनिबंधात १९९५ च्या एका परवानगीपत्राचा आधार दिला होता. चुनखडीचे जीवाश्मयुक्त नमुने असलेले दोन खोके बाहेर नेण्याची ती परवानगी. त्या खोक्यांत नेमकं काय होतं, हे त्या कागदावरून कळत नाही. पुढे संग्रहालयाची बाजू बदलली. जर्मनीने सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्को करार लागू करताना जी तारीख धरली, २६ एप्रिल २००७, तिच्या आधीच नमुना देशात आल्यामुळे तो आमचाच, असं सांगण्यात आलं. नंतर बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याच्या मंत्रालयाने चौकशी केली, तेव्हा निघालं ते असं की नमुना २००६ मध्ये एका खाजगी कंपनीने आणला आणि संग्रहालयाने तो तिच्याकडून २००९ मध्ये विकत घेतला. मधल्या काळात ब्राझीलच्या पुराजीवशास्त्रज्ञ आलिने गिलार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजमाध्यमांवर 'उबिराजारा ब्राझीलचा आहे' ही मोहीम चालवली होती. जर्नलने २०२१ मध्ये निबंध कायमचा मागे घेतला. जून २०२३ मध्ये दगड ब्राझीलला परतला आणि सेआरा राज्यातल्या सांताना दो कारिरीच्या संग्रहालयात, म्हणजे जिथून निघाला त्या खोऱ्यातच गेला. निबंध अंतिम प्रकाशनाआधीच मागे घेतल्यामुळे नामकरणाच्या नियमांनुसार ते नावही उरलं नाही.

हा लढा जिंकला गेला याचा आनंद आहेच. पण या प्रकरणाची चर्चा 'मालकी कुणाची' एवढ्यावर थांबते तेव्हा मला ती अपुरी वाटते. अशी चर्चा ऐकून वाटतं की विज्ञान एका बाजूला शुद्ध उभं आहे आणि नैतिकता नंतर कुणीतरी त्याच्यावर लादते. जीवाश्मांच्या बाबतीत हे खरं नाही. चोरून आलेला जीवाश्म हा विज्ञान म्हणूनही अधू असतो.

कारण साधं आहे. हाड म्हणजे अर्धाच पुरावा. उरलेला अर्धा त्याच्या भोवतीच्या खडकात असतो. कोणत्या थरात होतं, थराच्या तळापासून किती सेंटीमीटरवर, वरखाली कुठली माती, शेजारी कुठले शिंपले, हाडं एकाच दिशेला पडली होती की विखुरलेली, वरची बाजू कुठली. म्हणून नीट खोदकामात हाड काढायच्या आधीच निम्म्याहून जास्त वेळ जातो. जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, थरांचा उभा छेद काढून जाडी लिहायची, चौकटी आखून प्रत्येक तुकडा कागदावर उतरवायचा, मोजपट्टी आणि उत्तर दिशा दिसेल असे फोटो काढायचे. मग हाडाभोवती खणून त्याला खडकाच्या चौथऱ्यावर उभं करायचं, वर ओल्या कागदाचा थर द्यायचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. ओला कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि प्रयोगशाळेत सोडवताना पृष्ठभाग निघून येतो. कवचावर क्रमांक, तारीख, थर आणि वरची बाजू दाखवणारा बाण. हा बाण राहून गेला की नंतर तो कुणालाच काढता येत नाही.

आता अरारिपेच्या बाजारात काय होतं ते पाहा. नोव्हा ओलिंदाच्या आसपास ही पातळ थरांची चुनखडी फरशीसाठी काढतात. मजूर पाटी फोडतो, आत मासा, कीटक, क्वचित पंखांचा सरडा दिसतो. त्याची मजुरी तुटपुंजी, दलाल थोडे पैसे देतो, पाटी जाते. खाण कुठली, थर कितवा, याची नोंद ठेवण्यात दलालाचा काहीच फायदा नाही. उलट ती नोंद म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा. म्हणून ती मुद्दाम पुसली जाते. शेवटी संग्रहालयाच्या चिठ्ठीवर 'क्राटो फॉर्मेशन' एवढंच उरतं, म्हणजे मीटरच्या मीटर खडक आणि त्यात साठलेला कितीतरी हजार वर्षांचा काळ.

दलाल आणखीही काही करतो. त्याच खोऱ्यातली एक कवटी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या संग्रहालयाने विकत घेतली. अभ्यास सुरू झाल्यावर कळलं की विकणाऱ्यांनी जबडा प्लास्टरने लांबवून जास्त देखणा केला होता. खरं हाड कुठे संपतं आणि प्लास्टर कुठे सुरू होतं ते शोधण्यातच बराच वेळ गेला. १९९६ मध्ये त्या डायनोसॉरला इरिटेटर हे नाव मिळालं, त्या वैतागाची आठवण म्हणून. मला यात खटकतं ते हे की वैताग आला तो बनावटीचा. ती कवटी ब्राझीलच्या १९४२ च्या कायद्याखाली बाजारात येऊच शकत नव्हती, याचा वैताग नावात नाही. चीनच्या लियाओनिंगमधून चोरट्या मार्गाने अमेरिकेत गेलेल्या आणि १९९९ मध्ये गाजलेल्या आर्किओरॅप्टरची गोष्ट याहून वाईट. पक्ष्याच्या अंगाला दुसऱ्याच डायनोसॉरची शेपटी चिकटवलेली निघाली.

याच्या उलट उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत लामेटा थरांमधली डायनोसॉरची विष्ठा, दगड झालेली, नांगरटीत वर येते. २००५ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये त्यावर निबंध आला. पहिलं नाव लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद यांचं. चार लेखकांत तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन श्ट्रोमबर्ग आणि आपले अशोक साहनी. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि गवताच्या निदान पाच गटांचं अस्तित्व क्रिटेशियसच्या अखेरीस, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळात, भारतात होतं असं दिसलं. तोवर गवताची ही विविधता डायनोसॉर संपल्यानंतरची मानली जात होती.

अशा दाव्याचा सगळा भार थरावर असतो. गवताचे सिलिकाकण आजच्या मातीतही असतात. नमुना वरवरून उचललेला आहे की त्यात नंतर माती शिरली, ही शंका पहिल्याच समीक्षकाला येणार. म्हणून बाहेरचा थर खरवडून काढायचा, आतला गाभा घ्यायचा, आम्लाने चुना विरघळवायचा, भोवतालच्या मातीचा नमुना वेगळा तपासायचा, आणि मुळात तो दगड नेमक्या कुठल्या थरातून आला ते दाखवायचं. हेच लेंडके कुण्या दुकानातून 'मध्य भारत' अशा चिठ्ठीसह विकत घेतले असते, तर त्यांतल्या गवतावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवूही नये.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे ठाऊक आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि रॉबर्ट हंटरबरोबर त्याने या भागाचे खडक अक्षरशः पायी पालथे घातले. नागपूरच्या दक्षिणेला साधारण साठ मैलांवरच्या मांगली गावाहून त्यांनी एका प्राचीन उभयचराची कवटी मिळवली. ती लंडनला गेली, रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स नाव दिलं. कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. वसाहतीच्या काळात असंच चाले: जमीन इथली, खडक इथला, पाहणारा गोरा, नाव देणारा त्याहून दूरचा. शिवालिकच्या टेकड्यांत फाल्कनर आणि कॉटली यांनी जमवलेला हाडांचा प्रचंड साठाही असाच मोठ्या प्रमाणावर लंडनला गेला. जर्मन पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या टेंडागुरूला तर १९०९ ते १९१३ मध्ये शेकडो स्थानिक मजुरांनी दोनशे टनांहून अधिक जीवाश्म खणले आणि डोक्या-खांद्यांवरून लिंडी बंदरापर्यंत वाहून नेले. जर्मन सत्तेविरुद्धचा माजी माजीचा उठाव चिरडून फार वर्षं झाली नव्हती. त्या हाडांतून बर्लिनमध्ये उभा केलेला उंच सांगाडा पाहताना टेंडागुरूला मुकादम असलेले बोहेती बिन अमरानी यांचं नाव किती जणांना आठवतं? २००७ मध्ये एका डायनोसॉरच्या नावात त्यांना जागा मिळाली. शंभर वर्षं लागली.

हिस्लॉपच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. त्याने गावाचं नाव लिहिलं, थराचं वर्णन केलं. मांगली हे नाव ओवेनच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. म्हणून आजही त्या खडकांपर्यंत परत जाता येतं. १८५५ ची ती नोंद एकविसाव्या शतकात विकत घेतलेल्या कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठ्यांपेक्षा भरवशाची आहे. वसाहतवाद संपल्यावर या विद्येची नीती आपोआप सुधारली असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. आजच्या खरेदीत जुनी विषमता तशीच आहे, वर नोंदही गेली.

'पण तिकडे ते नीट जपलं जातं' हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. स्पायनोसॉरस या डायनोसॉरचा मूळ नमुना इजिप्तहून म्युनिकला नेला होता. एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. आग देश पाहून लागत नाही. आपल्याकडेही डोळे झाकून चालणार नाही. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मध्ये मिळालेली हाडं, ज्यांवरून १८७७ मध्ये लायडेकरने टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, ती कलकत्त्यातच होती, तरी कित्येक दशकं कुणाला सापडत नव्हती. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना मूळ मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा मिळाला. म्हणजे देशात ठेवणं ही अर्धी जबाबदारी झाली. नोंदवही, क्रमांक, बंद कपाट, दमट हवेपासून राखण, आणि विद्यार्थ्याने अर्ज केला तर नमुना पाहायला मिळणं, ही उरलेली. सांताना दो कारिरीच्या संग्रहालयालाही हीच कसोटी लागू आहे.

दुसरा आक्षेप 'विज्ञान सगळ्या मानवजातीचं' हा. ऐकायला उदात्त. पण नागपूरच्या एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीला मांगलीची कवटी बघायची असेल तर तिला व्हिसा, विमान आणि लंडनमधला मुक्काम परवडायला हवा. लंडनच्या विद्यार्थ्याला ती भुयारी रेल्वेच्या अंतरावर आहे. सगळ्या मानवजातीचा नमुना नेहमी त्याच चार-पाच शहरांत का असावा, याचं उत्तर त्या वाक्यात नाही. नुसाइबा राजा, एमा डन आणि सहकाऱ्यांनी जागतिक जीवाश्म-माहितीसाठ्याची मोजणी केली. त्यातल्या ९७ टक्के माहितीत श्रीमंत आणि उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांचा हात आहे, असं दिसलं. भारत या दोन्ही गटांत बसत नाही. याचा परिणाम फक्त मानसन्मानावर होत नाही. पृथ्वीवर कुठल्या काळात किती प्रजाती होत्या याचे जे आलेख आपण काढतो, ते मुळात कोणत्या देशाचे लोक कुठे खणायला जाऊ शकले याचेही आलेख असतात.

प्रकाशनाची व्यवस्था या विषमतेला आणखी बळ देते. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नाव वैध आहे की नाही एवढंच पाहते. नमुना कायदेशीर मार्गाने आला का, हे ती विचारत नाही. चोरलेल्या दगडावर ठेवलेलं नाव नियमाने छापलं गेलं की कायमचं टिकतं, आणि पुढच्या प्रत्येकाला त्याच होलोटाइपशी तुलना करावी लागते. त्यामुळे खरी चाळणी एकच उरते, ती संपादकाच्या टेबलावर. मुक्त प्रकाशनाचं शुल्क हा वेगळा अडथळा. 'नेचर'ने नोव्हेंबर २०२० मध्ये एका निबंधासाठी ९,५०० युरो जाहीर केले. सवलती सर्वांत गरीब देशांना असतात. भारतासारखा मोठा देश एकूण उत्पन्नामुळे त्या यादीत येत नाही, आणि आपल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला संपूर्ण प्रकल्पासाठी मिळणारा निधीही कधी कधी त्याहून कमी असतो. 'पॅलिऑन्टोलॉजिया इलेक्ट्रॉनिका'सारखी जर्नल्स लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत. तिथे छापलेलं काम निवड समितीने दुय्यम मानलं नाही, तर या कोंडीतून थोडी वाट निघेल.

म्यानमारचा अंबर हे याहून कठीण प्रकरण. काचिन राज्यातल्या हुकांग खोऱ्यातला हा सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा राळेचा दगड आत कीटक, पिसं, सरडे जसेच्या तसे राखतो. जून २०१७ मध्ये लष्कराने खाणींवर ताबा मिळवायला सुरुवात केली, माणसं मारली गेली, विस्थापित झाली, आणि विज्ञानासाठी होणाऱ्या खरेदीचा पैसाही त्याच साखळीत जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये पृष्ठवंशी पुराजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने संपादकांना लिहिलं की जून २०१७ नंतर विकत घेतलेल्या नमुन्यांवर निबंध छापू नका. यावर मतभेद आहेत. थांबलो तर नमुने दागिन्यांच्या बाजारात जाऊन कायमचे हरवतील, असं म्हणणारेही प्रामाणिक लोक आहेत. तरीही माझं मत संघटनेच्या बाजूचं आहे. निबंधातल्या चित्राने दगडाची किंमत वाढते आणि मागणी ठरते, मग खाणीत काय चाललंय त्याच्याशी माझा संबंध नाही असं लेखकाला म्हणता येत नाही.

परदेशी सहकार्य नको असं यातून मुळीच निघत नाही. महालनोबिस यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावलं. त्यांनी इथल्या तरुणांना खोदकाम, प्लास्टरची कवचं, हाडं साफ करणं शिकवलं. सिरोंचाच्या पलीकडच्या बाजूला, आज तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीजवळ मिळालेला बारापासॉरस हा डायनोसॉर कोलकात्यातच उभा राहिला. १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवणारे चौघेही भारतीय होते. शिक्षिका आल्या, विद्या इथे राहिली, हाडंही इथेच राहिली.

आज अशा भागीदारीचं पत्र लिहिताना काय तपासावं, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. परवान्याचा क्रमांक आणि तारीख निबंधातच छापायची, 'परवानगी घेतली होती' एवढं पुरत नाही. होलोटाइप कुठल्या सार्वजनिक संस्थेत, कुठल्या क्रमांकाने आहे ते खोदकामाआधी ठरवायचं. खाजगी मालकाच्या कपाटातला होलोटाइप मालकाचं मन फिरलं की दिसेनासा होतो. तपासणीसाठी नमुना परदेशात जात असेल तर मुदत, परतीचा खर्च आणि विमा लेखी हवा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सीटी स्कॅनकडे. हाड परत येतं, पण कित्येक जीबीच्या मूळ प्रतिमा परदेशातल्या सर्व्हरवर राहतात आणि इथे फक्त रंगीत चित्रं मिळतात. मग पुढचा निबंध कोण लिहिणार ते ठरलेलंच. मूळ प्रतिमांची पूर्ण प्रत नमुना ठेवणाऱ्या संस्थेला मिळावी आणि त्या उघडता येतील असा संगणकही प्रकल्पाच्या खर्चात धरावा. लेखकांचा क्रम आधी बोलावा. वाट दाखवणाऱ्या, सामान पोचवणाऱ्या स्थानिक अभ्यासकाला आभाराच्या ओळीत बसवून त्याने वाचलेल्या थरांवर दुसऱ्याने सही करायची, ही चाल जुनी आहे आणि ती भारतातल्या भारतातही चालते. मोठ्या शहरातली संस्था आणि जिल्ह्यातलं कॉलेज यांच्यातलं नातंही काही वेळा असंच असतं.

आपल्याकडे कायद्याची बाजू अजून लंगडी आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा माणसाच्या इतिहासाचा विचार करून लिहिलेला. त्यात जीवाश्मांचा नामोल्लेख नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र जवळपास सगळे अधिकार एकाच केंद्रीय यंत्रणेकडे जातात, विद्यापीठांचं आणि राज्यांचं स्थान धूसर राहतं, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली, आणि ती मला रास्त वाटते. पिसदुऱ्याच्या शेतकऱ्याला नांगराच्या फाळाला काही लागलं, तर त्याने कुणाला फोन करायचा? कळवल्यावर वावर अडकून पडणार का, त्या हंगामाचं नुकसान कोण देणार? याची उत्तरं तालुक्याच्या पातळीवर, मराठीत, आधी मिळायला हवीत. ती नसतील तर तो दगड बांधावर फेकला जाईल, किंवा पहिला दलाल येईल त्याच्या हातात पडेल.